हातकागदाच्या चार कडा

आमच्या दुकानात वाकडी कड टिकत नसे. पालघरला स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, सगळं तिथं यायचं आणि काचेमागं जायचं. वडील गेल्यावर ते मी चालवायला घेतलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. साठ सालानंतरची ही गोष्ट. बाईमाणूस करवतीनं लाकडाचे कोन कापतं हे बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. मी हातोडी हातात घेऊन वर बघितलं की आपापल्या कामाला लागायची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

वडिलांचा एकच नियम होता. चौकटीत जे जाणार त्याची कड आधी कापून सरळ करायची, मग बाकीचं. लोखंडी पट्टी ठेवायची, सुरी दोनदा ओढायची, मध्ये थांबून विचार करायचा नाही. एकदा त्यांनी एका गृहस्थांच्या मानपत्राची कड इतकी सरळ केली की शिक्का अर्धाच उरला, आणि वर त्या गृहस्थांनाच ऐकवलं की शिक्का मुळात वाकडा मारला होता. मी त्यांचीच मुलगी. कुणी कॅलेंडर आणो, पोथीचं पान आणो, माझा हात आधी सुरीकडे जाई.

आणि लग्न झालं ते कडा न कापणाऱ्या माणसाशी. ते बोईसरला शाळेत चित्रकला शिकवायचे. सकाळच्या शटलनं जायचे, दुपारनंतर परत यायचे. मी तोंडावर 'अहो' म्हणे आणि मनात 'मास्तर', म्हणून इथंही मास्तरच म्हणते. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. मास्तर चित्रं काढायचे ती हातकागदावर. मुंबईला गेले की खादीच्या दुकानातून डझनभर कागद गुंडाळून आणायचे आणि आल्याबरोबर जमिनीवर पसरून त्यांच्या कडांवरून बोट फिरवत बसायचे. भाजी निवडावी तसे.

ती कड कशी होते हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. चिंध्या कुटून लगदा करतात, तो पाण्यात कालवतात आणि लाकडी चौकटीच्या चाळणीनं उचलतात. पाणी गळून जातं, लगदा चाळणीवर बसतो, आणि त्यातला थोडासा चौकटीच्या लाकडाखाली शिरतो. तिथं कागदाला अशी कड येते, कुठं दाट, कुठं विरळ, कुठं दातेरी. "ही कड कुणी केलेली नाही, झालेली आहे," मास्तर म्हणायचे. "आणि दोन कागदांची सारखी नसते."

"सारखी नसते म्हणूनच कापायची," मी म्हणायची.

स्वतःची चित्रं ते माझ्याकडून निराळ्याच तऱ्हेनं बसवून घेत. इतरांचं चित्र मध्ये खिडकी कापलेल्या पुठ्ठ्यामागं जातं, कडा झाकल्या जातात. यांचा कागद मात्र पुठ्ठ्याच्या वर, मधोमध, चारी कडा उघड्या. काच त्याला टेकू नये म्हणून आतून बारीक पट्ट्या लावायच्या. म्हणजे दुप्पट काम, आणि ते करून दिसायचं काय, तर फाटकी कड. त्या वर्षांत तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. दूरदूरच्या मुलखातले कामगार सुट्टीच्या दिवशी पालघरच्या बाजारात यायचे. त्यातल्या एकानं हनुमानाची तसबीर घेताना भिंतीवरच्या मास्तरांच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "बहनजी, इसको चूहा खा गया क्या?" मी मास्तरांना मुद्दाम आतून बोलावून घेतलं आणि त्या माणसाला पुन्हा विचारायला लावलं. मास्तर म्हणाले, "हाँ भाई, लेकिन चूहा कलाकार था." पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या चित्रांना उंदीरमामांची चित्रं म्हणत होते.

मग त्यांचे डोळे दुखायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मास्तर एकटेच गेले होते, दुकान बंद ठेवायला नको म्हणून मी गेले नाही. परत येऊन म्हणाले, थेंब घालायचे, आहे तेवढं टिकेल. थेंब घातले की थोडा वेळ अंधारून येतं, असंही म्हणाले. मग ते दाराला धडकले, त्यांच्या हातून तांब्या कलंडला, की मी त्या थेंबांना शिव्या घालायची. पेपर वाचायचा कंटाळा आला, तू वाच, असं म्हणायला लागले तेव्हा मला उलट बरं वाटलं. नवरा आपल्याशी बोलत बसतो, याचा मला गर्व झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या थंडीत त्यांनी सातपाटीचा किनारा काढायला घेतला होता. ओहोटीची वेळ, चिखलात कललेल्या होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि मागं समुद्राची रेघ. मुंबईतल्या एका प्रदर्शनाला त्यांनी आधी दोनदा चित्र पाठवलं होतं आणि दोन्हीदा ते परत आलं होतं. आता तिसरी वेळ. पण या वेळी त्यांचं काही वेगळंच चाललं होतं. शाळेतून आले की चहासुद्धा न घेता फळी मांडीवर घेऊन बसायचे, आणि उजेड जाईपर्यंत उठायचे नाहीत. नाक कागदाला टेकवून काम करायचे. जेवताना हात थांबायचा. एकदा मला म्हणाले, "हे एक पुरं होऊ दे. मग काही नको."

"कुणाला सांगताय?" मी विचारलं.

"जो ऐकेल त्याला."

मला वाटलं, ही प्रदर्शनाची घाई आहे. आणि चित्र दोनदा का परत आलं याचं माझं उत्तर तयारच होतं. मोठमोठ्या लोकांच्या गुळगुळीत चित्रांमध्ये हा कुरतडलेला कागद कोण घेईल? मास्तरांना सांगून उपयोग नव्हता. करून दाखवलं की पटेल, असं मी ठरवलं.

एका दुपारी ते बोईसरहून उशिरा येणार होते. शाळेत काही कागदांवर सह्या करायच्या आहेत, एवढंच सांगून गेले होते. मी चित्र दुकानात आणलं. खालचा अर्धा भाग झाला होता, समुद्र झाला होता, आभाळ कोरं होतं आणि मधली मोठी होडी अर्धवट होती. चारी बाजूंना त्यांनी दोन दोन बोटं जागा मोकळी सोडली होती, म्हणजे चित्राला धक्का लागणार नव्हता. पट्टी ठेवली. सुरी दोनदा ओढली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. काय सुरेख काटकोन आला म्हणून सांगू! हात लागलाच होता, तर त्यांचे उरलेले अकरा कोरे कागदही कापून एका मापाचे केले. गठ्ठा बांधून, झाडून, चित्र परत फळीवर ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. मी खुशीत होते.

शाळेतले एक शिक्षक त्यांना दारापर्यंत सोडून गेले. मास्तर आत येऊन बसले, फळी मांडीवर घेतली. मी दारात उभी राहून बघत होते, आता ओरडतील, मग मी हे म्हणेन, मग ते म्हणेन. त्यांचा डावा हात कागदाच्या कडेवरून खाली गेला. परत वर आला. पुन्हा खाली गेला. त्यांनी कागद फिरवला, खालची बाजू वर केली. पुन्हा हात फिरवला. पुन्हा कागद फिरवला. मग मान वर न करता विचारलं, "अगं, माझं चित्र कुठंय?"

मी हसले. "चित्र मांडीवर तर आहे तुमच्या!"

त्यांचे हात कागदावर सपाट पडून होते, आणि चित्र उलटं होतं, कोरं आभाळ त्यांच्या छातीकडे. मी जवळ गेले, त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

सगळं त्यांनी तेव्हा सांगितलं, शांतपणे, मुलांना धडा समजावून द्यावा तसं. डॉक्टरांनी टिकेल असं म्हटलंच नव्हतं. डावा डोळा दिवाळीआधीच गेला होता. उजव्यात सुपारीएवढी जागा उरली होती, तीही गढूळ होत चालली होती. त्या जागेतून त्यांना कुंचल्याचं टोक दिसे, पण ते टोक कागदावर कुठं आहे ते दिसत नसे. ते सांगायच्या कडा. डाव्या कडेला मोहरीएवढी गाठ होती, तिच्या दोन बोटं खाली समुद्राची रेघ. खालच्या कडेला एक विरळ जागा होती, तिच्या नेमकी वर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक. उजव्या कडेला तीन दाते, तिसऱ्याच्या रेषेत डोलकाठी. वरची कड सगळ्यांत पातळ, म्हणून ती वर. दिसत होतं तेव्हाच त्यांनी हा कागद डझनातून निवडला होता आणि चित्र त्याच्या कडांवरून आखलं होतं. आणि त्या दिवशी बोईसरला ते सह्या करायला गेले होते त्या राजीनाम्यावर.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले. काय बोलावं ते सुचलं नाही की मी ओरडते.

"तू फळी काढून घेतली असतीस," ते म्हणाले. "म्हणाली असतीस, डोळ्यांना त्रास नको."

खरं होतं. हेच म्हणाले असते.

मग त्यांनी विचारलं, "वरून किती कापलंस?" हातकागद कधी काटकोनात नसतो. मी त्याला काटकोनात आणला होता. म्हणजे वरच्या कडेला एका टोकाला अर्धं बोट गेलं होतं, दुसऱ्या टोकाला नखाएवढं. डावीकडे किती, उजवीकडे किती, मला सांगता येईना. मी मापून कापलंच नव्हतं, डोळ्यानं कापलं होतं.

कापलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या खोक्यात होत्या. मी खोकं आणून जमिनीवर उपडं केलं. बारा कागदांच्या अठ्ठेचाळीस पट्ट्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या दातेरी. ज्या कडा दोन कागदांच्या सारख्या नसतात त्या मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी एकेक पट्टी त्यांच्या बोटांत देत गेले. "ही?" "नाही." "ही?" "नाही." काही पट्ट्यांचे झाडताना तुकडे झाले होते. एक हातात आली आणि त्यांचं बोट थांबलं. मोहरीची गाठ. "ही डावी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता सगळ्या सापडणार. बाकीच्या तीन सापडल्या नाहीत. सापडल्याही असतील, पण तुकड्यांवरून त्यांना ओळखता आल्या नाहीत.

मी खळ शिजवली. पट्टी चित्राला भिडवून मागून पातळ कागद चिकटवला, आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे फळी ठेवून वर दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी काढलं तर जोड बेमालूम बसला होता. मास्तरांनी बोट फिरवलं. दाबानं गाठ सपाट झाली होती. खळीच्या ओलीनं कागद फुगून लाटेसारखा झाला होता. ते बराच वेळ शोधत राहिले. मी म्हटलं, मी दोऱ्याची गाठ मारून देते, सुईनं टोचून खुणा करते, मेणाचे ठिपके लावते. एकेक करूनही दिलं. पण खुणा कुठं करायच्या ते मला माहीत नव्हतं आणि त्यांना दिसत नव्हतं. मी विचारायची, इथं? ते म्हणायचे, तिथं काय आहे? असं दोन दिवस चाललं. दुकान बंद होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या दाराशी मासळी घेऊन बसणारी सातपाटीची मावशी आत डोकावली. माझा अवतार बघून तिनं टोपली खाली ठेवली. मी तिला सांगितलं की मास्तरांना दिसत नाही. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होतं.

"ता आमाला ठाव हाय, बाय," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून मास्तर पापलेट बोटांनी बगतात. कल्ला चाचपतात, शेपूट चाचपतात. आमी काय बोलाचा? आमाला वाटला, घरच्या बायकोला ठाव असंल."

तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. तरी मी तिच्यावर डाफरले, आज मासळी नको म्हणून सांगितलं. ती निमूट टोपली उचलून गेली.

मग मास्तरच म्हणाले, "तू सांग, मी काढतो." प्रदर्शनाची तारीख अजून आठ दिवस लांब होती. पण खरी मुदत तारखेची नव्हती. त्या सुपारीएवढ्या जागेवर रोज साय धरत होती, आणि ती पुरती बंद व्हायच्या आत त्यांना ती होडी हवी होती. मी शेजारी बसले. डावीकडे, जरा वर, नाही, फार झालं, खाली. आयुष्यभर लोकांना हुकूम सोडलेले, पण एका माणसाच्या हाताला रस्ता दाखवायचा म्हणजे काय ते मला येत नव्हतं. माझं "जरा" त्यांच्या "जरा"पेक्षा मोठं होतं. मी त्यांचा हात धरायला गेले, तेव्हा त्यांनी तो ओढून घेतला. तेवढ्या एकाच वेळी ते माझ्यावर चिडले. "वर्गातल्या पोरांचा हात मी धरतो," म्हणाले. "माझा कुणी धरायचा नाही."

तीन दुपारी आम्ही असं काम केलं. होडीची बाजू आली. डोलकाठी आली. शेवटच्या दुपारी त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं आणि शिडाची दोरी आपल्या आठवणीनं ओढली, एका दमात, पूर्वी ओढायचे तशी. रेघ देखणी होती. पण होडी खाली चिखलात होती आणि दोरी तिला सोडून समुद्राच्या रेघेवरून आभाळात गेली होती. कुठल्याच गोष्टीला ती बांधलेली नव्हती.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "छान झालंय."

त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. "तू कधी छान म्हणत नाहीस," म्हणाले.

त्यांनी कुंचला स्वतःच धुतला, पिळला, पुसला. वाट्यांवर झाकणं ठेवली. मग फळी माझ्याकडे सरकवली. "समुद्र मला दिसत होता तेव्हाचा आहे. तो चांगला आहे ना? खरं सांग."

"तो चांगला आहे," मी म्हटलं. तो होताच. ओहोटीचं ते मळकट रुपेरी पाणी मी जन्मभर पाहिलं होतं, पण त्यांनी काढल्यावर मला ते दिसलं होतं.

"मग तेवढा कापून दे. बाकीचं टाक."

मी नाही म्हटलं, रडले, प्रदर्शनाला असंच पाठवू म्हटलं. ते वाट बघत राहिले. शेवटी मी पट्टी आणली आणि सुरी आणली. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा तुकडा निघाला. कापताना हात सवयीनं चालला. त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो चारी बाजूंनी चाचपला, फिरवला, पुन्हा चाचपला.

"वरची बाजू कुठली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट वरच्या कडेवर ठेवलं. आठवड्याभरात ती सुपारीएवढी जागाही गेली. त्यांनी पुन्हा कुंचला हातात घेतला नाही. तो तुकडा त्यांनी कधी फ्रेम करू दिला नाही, उशाशी ठेवत. त्यानंतर ते सोळा वर्षं जगले. तुकडा हातात घेतला की दर वेळी मला हाक मारायचे आणि वर कुठली ते विचारायचे, आणि मी हातातलं काम टाकून सांगायला जायची.